लांबच्यांसाठी केलेला शेवट

“ही माणसं अशी का पळतायत?” गुरवकाकांनी विचारलं. “गाडी चुकलीय काय सगळ्यांची?”

भिंतीवर टाचलेल्या चादरीवर शंभर वर्षांपूर्वीचं रशियातलं एक गाव होतं. बायका विहिरीवरून पाणी नेत होत्या, एक म्हातारा नावेला डांबर लावत होता, आणि सगळे मुंग्यांसारखे तुरुतुरु हलत होते. वैजूताई कॉटवर उशीला टेकून बसली होती. ती हसायला लागली आणि हसता हसता खोकायला लागली. काका उठले, तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि परत ऑर्गनच्या स्टुलावर जाऊन बसले.

“वेग चुकलाय, काका,” मी म्हणाले. “तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे. सेकंदाला कमी चित्रं घ्यायचे. आपलं मशीन जास्त दाखवतंय.”

“मग कमी कर की.”

“करते, पण नेमका किती करायचा ते कुठे लिहिलेलं नाही. शोधावं लागेल.”

“शास्त्रज्ञबाई,” वैजूताई म्हणाली, “त्या म्हाताऱ्याच्या चालण्यावरून काढ. बाबांएवढाच दिसतोय. बाबा, जरा चालून दाखवा बरं हिला.”

काका खरोखरच उठले आणि पाठीमागे हात बांधून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. वैजूताई म्हणाली, “असे नाही, नाटकातल्यासारखे चालताय. घरातल्यासारखे चाला.”

शेवटी मी वेग काढला तो एका बादलीवरून. विहिरीच्या कठड्यावरून एक बादली खाली पडते, असं एक दृश्य होतं. वस्तू पडायला तेव्हा लागायचा तेवढाच वेळ आजही लागतो, रशियात काय आणि सांगलीत काय. मी गणित केलं, वेग उतरवला आणि फिल्म पुन्हा लावली. या वेळी बायका दमल्यासारख्या चालल्या. म्हाताऱ्यानं ब्रश खाली ठेवला, कंबरेवर हात ठेवून तो उभा राहिला आणि त्याच्या मुलीनं दारातून त्याला हाक मारली. हाक ऐकू आली नाही. पण त्याआधी तिची छाती श्वासानं वर आलेली दिसली.

काका पुढे झुकले. “आता दिसला,” ते म्हणाले. “तिचा श्वास दिसला. आता वाजवता येईल.”

काकांनी आयुष्यभर संगीत नाटकात ऑर्गन वाजवला. पायानं भाता मारायचा आणि हातानं पट्ट्या दाबायच्या, तो जुना लाकडी ऑर्गन. कंपनी बंद पडली तेव्हा मालकानं तो त्यांनाच देऊन टाकला. त्यांचं सांगणं असं की साथ करणाऱ्यानं नटाच्या गळ्याकडे बघायचं नाही, छातीकडे बघायचं. तो श्वास घेतो तेव्हा आपण भाता भरायचा. तो थांबला की आपण थांबायचं.

वैजयंती त्यांची एकुलती एक मुलगी. आई ती शाळेत असतानाच गेली होती. ताई विमा कंपनीत नोकरी करायची आणि रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात आमचं चित्रमंडळ चालवायची. एम.एस्सी. संपवून मी पीएच.डी.च्या प्रवेशाची वाट बघत घरी बसले होते. प्रोजेक्टर बिघडला की मी तो उघडून बघते, एवढ्या कारणावरून तिनं मला मंडळात ओढलं होतं. ती महिनाभर पुण्याला चित्रपट बघायला शिकायला गेली होती आणि तिथून रशियन मूकपटांचं वेड घेऊन परत आली होती.

“तुला त्यात काय एवढं दिसतं?” मी तिला सुरुवातीला विचारलं होतं.

“ते लोक घाई करत नाहीत,” ती म्हणाली. “माणूस दुःखात असला की त्यांचा कॅमेरा त्याच्यासमोर बसून राहतो. उठून जात नाही. आपल्याकडे लगेच दिवा विझतो नाहीतर फुलं दाखवतात.”

या फिल्मची गोष्ट साधी होती. नदीकाठी नावाडी आणि त्याची मुलगी राहतात. मुलगी आजारी पडते. डॉक्टर पलीकडच्या काठावर. हिवाळा संपत आलेला, नदीवरचा बर्फ फुटायला लागलेला. चालत जावं तर बर्फ पेलत नाही आणि नाव घालावी तर बर्फ जाऊ देत नाही. तरी बाप बर्फावरून निघतो.

मिळालेल्या प्रतीला आजच्या कुठल्याशा परदेशी वादकांचं संगीत होतं, सगळं इलेक्ट्रॉनिक. नुसती घरघर आणि मधेच काचेवर नख ओढल्यासारखे आवाज. काकांनी ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “वाईट नाही. बर्फ बरोबर पकडलाय. पण म्हाताऱ्याकडे कुणी बघितलेलं नाही.”

“मग तुम्ही बघा,” वैजूताई म्हणाली. “तुम्ही वाजवा, बाबा. लोकांसमोर. अरू बर्फ करेल.”

म्हणून तालमी त्यांच्या घरी व्हायच्या, संध्याकाळी, तिला जरा बरं वाटायचं तेव्हा. मी फ्रीजरमधल्या बर्फावर कोमट पाणी ओतून, स्टीलच्या डब्याला बारीक माइक चिकटवून तडकण्याचे आवाज टिपले आणि लॅपटॉपवरून ते सोडायला शिकले. काका खालच्या सुरांवर पूर वाजवायचे. त्यांनी बर्फाची नदी कधी पाहिली नव्हती, पण कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा चौघांना घेऊन हा ऑर्गन माडीवर चढवला होता.

“तुझा बर्फ माझ्या गांधारावर पडतोय गं,” ते ओरडायचे. “जरा आधी फोड की!”

“बर्फ सूर बघून फुटत नाही, काका.”

“आमच्या कंपनीत फुटला असता. पडदेवालासुद्धा माझ्या समेसाठी थांबायचा. माझं वाजवून व्हायचं, मग पडदा. तू एक चित्र जरा धरून ठेव ना, मी समेवर येतो.”

“नाही. फिल्म थांबवायची नसते. इतक्या मेहनतीनं वेग काढलाय.”

“बघ वैजू, कसली कडक आहे! लग्नात हिच्या नवऱ्याचं काय होणार?”

“तो वेळेवर येईल,” ताई म्हणाली.

फिल्मला दोन शेवट होते. ते मला ताईनंच सांगितलं. त्या काळी रशियात लोकांना दुःखी शेवट लागायचा, पण तीच फिल्म परदेशी पाठवायची असली की काहीजण शेवट बदलायचे. पहिल्या शेवटात बाप डॉक्टरला घेऊन पोचतो आणि मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत प्राण सोडते. दुसऱ्या शेवटात ती बरी होते, उठून खिडकी उघडते, बाहेर नदी मोकळी वाहत असते. आमच्या प्रतीत दोन्ही होते.

“आपण पहिला दाखवायचा,” ताईनं ठरवून टाकलं. “आणि त्यावर भैरवी.”

भैरवी म्हणजे शेवट. मैफल असो की नाटक, भैरवी झाली की त्या दिवशी पुढे काही वाजवायचं नाही. काकांनी मान हलवली. पण प्रत्येक तालमीत बाप डॉक्टरला घेऊन काठावर चढला की काका हात उचलायचे.

“पुढचं, बाबा?”

“पुढचं प्रयोगात. भैरवीची तालीम करत नसतात.”

“हे कुठलं शास्त्र?”

“आमच्या कंपनीचं,” काका म्हणायचे आणि झाकण लावून चहा ठेवायला आत जायचे. आतून विचारायचे, “वैजू, दिवाळीत कोकणात जायचं का यंदा? तुझ्या मावशीकडे?”

ताई माझ्याकडे बघायची. मिरजेच्या डॉक्टरांनी केमो बंद केली होती. त्या दिवशी काका तिच्याबरोबर होते, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनीही ऐकलं होतं. घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, “औषधांना जरा सुट्टी दिलीय.”

“जाऊ की,” ताई स्वयंपाकघराकडे बघून म्हणायची.

प्रयोगाच्या रविवारी ऑर्गन टेम्पोतून नेला. सभागृहाच्या खिडक्यांना आम्ही काळे पडदे लावले. पंख्यांचा आवाज नको म्हणून पंखे बंद ठेवायचे ठरलं होतं, त्यामुळे खुर्च्या मांडतानाच घाम फुटला. काकांनी पांढरा सदरा आणि काळी टोपी घातली होती, कंपनीत असताना घालायचे तशी. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

“अरू, ते दोन्ही शेवट आहेत ना तुझ्या मशीनमध्ये?”

“आहेत.”

“दुसरा लाव.”

“ताईला विचारते.”

“तिला विचारायचं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?” ते हळू आवाजात म्हणाले. “अगं, सिनेमाच आहे. त्यांनीच केलेत ना दोन्ही? मग कुठला खरा आणि कुठला खोटा?”

मी नुसतीच केबल गुंडाळत राहिले. ते माझ्या खांद्यावर थोपटून ऑर्गन पुसायला गेले.

ताई खाली रिक्षातून उतरत होती. मंडळातल्या दोघांनी तिला खुर्चीसकट वर आणलं. डोक्याला तिनं गर्द निळा रुमाल बांधला होता आणि ओठांना लिपस्टिक लावली होती. मी तिला सांगितलं. सांगावं की नाही, याचा विचार जिना संपेपर्यंतच करता आला.

ती म्हणाली, “नाटकात मेलेला माणूस पडदा पडला की उठून चहा प्यायचा. बाबांनी तेच बघितलंय जन्मभर.”

“मग काय करू?”

“घरी बोलायची सोय नाही, अरू. मी काही म्हणायला गेले की ते दिवाळी काढतात. मी गेल्यावर ते रडतीलच. पण तेव्हा जवळ कोण असेल? त्यांनी एकदा मी असताना रडावं. मला तेवढंच हवंय.” तिनं रुमाल सारखा केला. “पहिला लाव. आणि माझी खुर्ची ऑर्गनला चिकटून ठेव.”

सभागृह निम्म्याहून जास्त भरलं होतं. अंधार झाला. काकांनी भाता भरला आणि गाव पडद्यावर आलं.

तालमीत मी त्यांना अनेकदा ऐकलं होतं, पण त्या सकाळी ते वेगळंच वाजवत होते. नावाडी ब्रश खाली ठेवतो तिथे त्यांनी एकच सूर धरला आणि नावाडी कंबर सरळ करेपर्यंत तो सोडला नाही. मुलगी हसली तिथे एका जुन्या पदाचा तुकडा आला, आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी नकळत गुणगुणल्या. बर्फ फुटायला लागला. मी माझे आवाज सोडत होते, आणि पहिल्यांदाच असं झालं की माझा एकही तडा त्यांच्या सुरावर पडला नाही. ते माझ्यासाठी जागा ठेवत होते. पडद्यावर म्हातारा बर्फावर पाय टाकत होता, एकेक, आणि सभागृहात कुणी हलत नव्हतं.

म्हातारा डॉक्टरला घेऊन काठावर चढला. इथे फिल्मचा पहिला भाग संपायचा आणि शेवट मला लावायचा होता. काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. मी पहिला शेवट लावला.

खोली. कॉट. मुलगी. कॅमेरा तिच्यासमोर येऊन थांबला.

काकांचे हात पट्ट्यांवरून उठले आणि मांडीवर आले. पाय मात्र थांबले नाहीत. भाता भरत होता आणि रिकामा होत होता, सूर एकही नव्हता. लाकडाची बारीक कुरकुर आणि आत-बाहेर जाणारी हवा, एवढंच ऐकू येत होतं. मी पडद्याकडे बघितलं तेव्हा लक्षात आलं. मुलीची छाती वर जात होती तेव्हा भाता भरत होता आणि खाली येत होती तेव्हा सुटत होता. ते तिला साथ करत होते. पंखे बंद असल्यानं तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता.

ताईनं हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. पाय हलत होता तसा तिचा हातही वर-खाली होत राहिला.

पडद्यावर मुलीनं बापाला बघितलं. काहीतरी बोलली. मी मराठीत लिहिलेली ओळ खाली उमटली: “पाय भिजलेत तुमचे.” तिची छाती वर गेली, खाली आली आणि परत वर गेली नाही.

काकांनी भाता भरला. परत भरला. पडद्यावर बापानं टोपी काढली, कॅमेरा बसून राहिला, आणि काका भाता मारत राहिले, आता कुणाच्याच श्वासाशी न जुळणारा, घाईघाईनं. पडदा पांढरा झाला.

“बाबा,” ताई हळूच म्हणाली. “भैरवी.”

“नाही.”

“लोक बसलेत, बाबा.”

“बसू देत.”

“बाबा, मी आहे ना इथे. आत्ता आहे ना?”

काकांचे पाय थांबले. ते पुढे वाकले आणि त्यांचं कपाळ पट्ट्यांवर टेकलं. भात्यात हवा शिल्लक होती. एकदम दहा-बारा सूर एकत्र वाजले, कानाला न सोसणारे, आणि हवा संपत गेली तसे बारीक होत होत विरले. ताईनं त्यांचं डोकं उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. त्यांची टोपी खाली पडली होती. ते मोठ्यानं रडत होते, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्यामुळे माझ्याशिवाय फारसं कुणाला ऐकू आलं नसावं. मी दिवे लावले नाहीत. लोक अंधारातच उभे राहून टाळ्या वाजवत होते.

जिन्यात एक गृहस्थ मला म्हणाले, “शेवटाला केलेला तो आवाजाचा प्रयोग फार आवडला. एकदम मॉडर्न.”

वैजूताई दिवाळीच्या आधी गेली. शेवटचे काही आठवडे ती आणि काका खूप बोलायचे, असं ती मला म्हणाली होती. आईबद्दल, तिच्या साड्या कुणाला द्यायच्या याबद्दल, काकांनी एकट्यानं काय काय करून खायचं याबद्दल. “भांडतोसुद्धा,” ती म्हणाली होती. “बरं वाटतं.”

तिच्यानंतर ऑर्गनवर चादर पडली. मी जायचे तेव्हा काका चहा करायचे, माझ्या प्रवेशाची चौकशी करायचे. शिकायला येणाऱ्या दोन मुलींना त्यांनी दुसऱ्या गुरुजींकडे पाठवलं होतं. वाजवा, असं मी कधी म्हटलं नाही.

पीएच.डी.साठी बंगळूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. “ते मशीन अजून आहे ना तुझ्याकडे? घेऊन येतेस?”

मी गेले तेव्हा भिंतीवर तीच चादर टाचलेली होती. खिडक्या लावून घेतलेल्या होत्या आणि ऑर्गन उघडा होता. ताईच्या कॉटवर धुतलेल्या कपड्यांची घडी होती.

“सगळी नको,” काका म्हणाले. “तो दुसरा शेवट लाव.”

मी लॅपटॉप जोडत होते. त्यांना वाटलं असावं की मी काहीतरी विचारणार आहे.

“वैजू म्हणायची ना, तो शेवट त्यांनी लांबच्या लोकांसाठी केला होता? इथल्यांसाठी वेगळा आणि लांबच्यांसाठी वेगळा?”

“हो.”

“ती आता लांबच आहे,” काका म्हणाले. “तिला दाखवू.”

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि भाता भरला. पडद्यावर मुलगी उठून बसली. तिनं पाय खाली सोडले, कॉटचा कठडा धरला, आणि काकांनी भैरवी सुरू केली. ती मी त्यांच्या हातून पहिल्यांदा ऐकत होते. मुलगी दोन पावलं चालली, थांबली, श्वास घेतला. काकाही थांबले. मग ती खिडकीशी गेली, तिनं दारं ढकलली आणि बाहेर नदी होती, बर्फ नसलेली, उन्हात चमकणारी. ती वळून आमच्याकडे बघून हसली.

तो शेवट फार लहान होता. परदेशी पाठवायला घाईत केला असणार. भैरवी अजून अर्ध्यातसुद्धा आली नव्हती, आणि पडदा आता पांढरा होणार हे मला माहीत होतं. मी बटण दाबलं. चित्र थांबलं. मुलगी खिडकीत उभी राहिली, केस वाऱ्यानं उडालेले, तोंडावर ऊन.

काकांनी डोळे मिटले होते. वाजवता वाजवताच त्यांनी विचारलं, “संपलं काय गं?”

“नाही, काका,” मी म्हणाले. “वाजवा तुम्ही.”